उपडं ताट

मेसमध्ये शिरलो, तर माझ्या जागेवर ताट उपडं ठेवलेलं.

आमची लष्करी शाळा कधीच बंद पडली. तरी आम्ही जुने कॅडेट दरवर्षी तिथे जेवायला जमतो. वर्षभरात कोणी वारला असेल, तर त्याच्या जागेवर ताट उपडं ठेवायचं, ही आमची रीत. मला दारात पाहून सगळे उठून उभे राहिले. घोरपडेच्या हातातला पाण्याचा जग खाली पडला.

"भोईट्या, जिवंत आहेस तू? घरी फोन केला, तर शेजाऱ्याने उचलला. म्हणाला, भोईट्यांकडे मयत झालंय. मला वाटलं, तूच."

"मी नाही. शालन गेली."

"वहिनी? अरे, फौजी माणसाची बायको आधी जाते कुठे!"

मलाही तसंच वाटायचं. माझ्यामागे पेन्शन कशी काढायची, हे मी तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तिच्यामागे काय करायचं, ते मला कोणी सांगितलंच नाही.

घोरपडे ताट सुलटं करायला गेला.

"राहू दे," मी म्हणालो. "इतकी वर्षं तीही इथेच जेवली."

"पण ही रीत फक्त कॅडेटसाठी..." मागून कोणीतरी म्हणालं.

"गप रे!" घोरपडे ओरडला आणि त्याने माझ्यासाठी शेजारी दुसरं ताट मांडलं.

वाढप्याने पापड वाढला. मी दुसऱ्याची वाट बघत बसलो. शालन तिचा पापड नेहमी माझ्याच ताटात टाकायची.