घरात माता आलीय

“आई, रूपाला माता आलीय,” प्रेमराज फोनवर म्हणाला आणि त्याने खिडकीतून खाली पाहिलं. सोसायटीच्या अंगणात रूपा चेंडूमागे धावत होती. वय चार. अंगावर एक पुटकुळी नाही.

गावाकडे, फोनच्या त्या टोकाला, प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या, “मन्हामुळे उनी का रे?”

आई स्वतःलाच दोष देईल, हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं.

रविवारी जळगावच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. प्रमिलाबाईंच्या मानेवर अखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणापासून नागीण उठलेली. कानापासून खांद्यापर्यंत फोडांची माळ, वर गेरूचा लेप. अमळनेरच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, नागीण आणि कांजिण्या एकाच विषाणूच्या, फोड ओले असेपर्यंत लेकरांना जवळ घेऊ नका. आता फोडांवर खपल्या धरल्या होत्या. भीती सरली होती.

पण बायकोची, सारिकाची आई धुळ्याहून आठ दिवस आधीच आली होती. ती म्हणाली, “फोटोत ती मान कशी दिसेल, जावईबापू? पाहुणे नाही नाही ते विचारतील.” सारिका पाहुण्यांची यादी लिहीत राहिली. प्रेमराजने सरळ फोन लावला. कांजिण्यांची माता आलेल्या घरात पाहुण्याने पाऊल ठेवू नये, हे आईनेच तर शिकवलेलं.

“अखाजीले मी तिन्हा मुका लिधा होता,” प्रमिलाबाई म्हणत होत्या. “तवय मान नुसती जळे. माले काय माहीत नागीण शे म्हनीसन...”

“तसं काही नाही, आई. येतं पोरांना.”

“फोड कितला शेत?”

“थोडेच.”

“डोयामा त नही ना?”

“नाही.”

शनिवारी गावाहून, आईच्या शेजारच्या भिकनचा फोन आला. “प्रेमराजभाऊ, अक्काले समजाव ना. उनमा अनवाणी फिरी राहिनी. फोडणी बंद, मीठ बंद. म्हने, मन्हा रोग मी नातले दिधा. मालेच पाला तोडाले निंबवर चढाडं. पन्नास वरीसना माणूस मी, वांदर शे का?”

भिकन हसला. त्याच्या मागून, ओसरीवरून, आईचा बारीक सूर येत होता:

माता उनी पाहुनी, तिले निंबनी सावली
धाकली मन्ही रूपा, तिले सोड व माउली

प्रेमराजने फोन ठेवला. रविवार उरकू दे, मग सांगून टाकू, असं त्याने ठरवलं.

रविवारी सोसायटीच्या अंगणातल्या मांडवात हिरवा परकर घालून रूपा नाचली. सारिकाची आई कलश घेऊन मांडवाच्या दारात उभी राहिली. फोटो छान आले. “प्रमिलाअक्का दिसत नाहीत?” कुणीतरी विचारलं. “बरं नाही तिला,” तो म्हणाला. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

सोमवारी सकाळीच तो गावी पोचला. दाराला निंबाचा डहाळा होता. प्रमिलाबाई खाटेवर बसल्या होत्या.

“ये राजा. दमेल दिसस,” त्या म्हणाल्या आणि उठून दहीभाताचं ताट पुढे ठेवलं. अळणी. तो मुकाट जेवला. रूपाचे फोड किती उरले, हे त्यांनी आज विचारलं नाही.

त्या पुन्हा खाटेवर टेकल्या तेव्हा त्याला त्यांचे तळवे दिसले. फोड आलेले आणि त्यांत डांबर रुतलेलं. दाराबाहेर तर गल्लीभर नुसती माती. त्याने कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली, आईचा पाय मांडीवर घेतला आणि चिंधीने पुसू लागला. लहानपणी माता आली होती तेव्हा हीच बाई त्याच्या अंगावरून निंबाचा पाला फिरवत सात रात्री बसली होती.

“आई,” तो पायाकडे बघत म्हणाला, “मी खोटं बोललो. रूपाला काही झालेलं नाही. तुझ्यामुळे तर मुळीच नाही.”

प्रमिलाबाईंनी पाय मागे घेतला नाही.

“काल मी जळगावले उनी होती,” त्या म्हणाल्या. “म्हनलं, दूरथीन पाला तरी देसू. फाटकजवळथीन रूपा दिसनी. हिरवा परकर घालीसन नाची राहिंती. इतलं बरं वाटनं माले.”

त्याच्या हातातली चिंधी थांबली. “मग आत का नाही आलीस?”

त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला.

“कशी येऊ, राजा? माता होती ना घरमा. कलश लिसन, दारमाच उभी होती. सारिकानी माय.”