एकशे सत्तर किलोचा शॉकअप

खड्ड्यात आदळून उज्वलाच्या सायकलीचा पुढचा शॉकअप वाकला आणि तिच्या नवऱ्याला, माधवरावांना, आयतंच कोलीत मिळालं. मुरुडच्या लग्नात त्यांनी तो किस्सा तिच्या वजनावरून भर पंगतीत तिखटमीठ लावून सांगितला, वर तावातावानं पैजही लावली. पाहुणे पोट धरून हसले. उज्वला मान खाली घालून जिलबी खात राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला सायकलच्या दुकानात गेली. मजा बघायला माधवरावही सोबत आले.

"स्प्रिंगवाला जड माणसाखाली पार बसून जातो, ताई," आदिनाथ मिस्त्री म्हणाला. "हवेचा घ्या, जाड नळ्यांचा. वजन सांगा, तेवढी हवा भरून देतो."

"एकशे सत्तर धरा."

माधवरावांनी मांडीवर थाप मारली. "बघा मिस्त्री, आज खरं बोलली!"

"माझं शहाण्णव," उज्वला म्हणाली. "बाकीचं तुमचं. 'हिच्याखाली सायकल टिकली तर मी तिच्या दांडीवर बसून गंजगोलाईला चक्कर मारीन,' असं पंगतीत कोण म्हणालं होतं? रविवारी ऐन बाजारात निघू. मुरुडच्या झाडून सगळ्या पाहुण्यांना बोलावलंय मी."

माधवराव हळूच दुकानाच्या दाराकडे सरकले.

मिस्त्रीनं हसू कसंबसं दाबलं. "ताई, लेकरं बसवायची गादी हाय, लावू का दांडीला? सायबांना लई रुतंल."

"नको," उज्वला म्हणाली. "रुतू द्या."