तांब्याभर पाणी

"बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही," अपर्णा मॅडम म्हणाल्या. समोरच्या टेबलावर रबरी पुतळा आडवा पडला होता. "त्याला गिळता येत नाही. पाणी सरळ फुप्फुसात जातं. मग माणूस दुखण्यानं नाही, आपल्या पाण्यानं जातो."

सगळ्यांनी लिहून घेतलं. सुवर्णाचं पेन थांबलं ते थांबलंच.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गोपाल बमरोलीच्या लूमखात्यातून, मागावरची पाळी संपवून आला आणि उंबऱ्यातच कोसळला. शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता. शेजारीपाजारी ओरडले, पाणी पाजा, पाणी पाजा. सुवर्णानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या ओठांना लावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आत बोलावलं ते त्याच्या आईला, मालतीबाईंना. त्या बाहेर आल्या आणि सुनेला कवटाळून म्हणाल्या, "मना आंडोर तुना हातनं पानी पीसन गया." मग तेच त्यांनी तेराव्याला सांगितलं, गल्लीत सांगितलं, गावाकडून आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. लेक बायकोच्या हातचं पाणी पिऊन गेला, केवढं भाग्य, असं बायका म्हणत. तेवढ्या एका वाक्यावर सुवर्णानं तीन वर्षं काढली.

साड्यांना टिकल्या चिकटवून डोळ्यांचं पाणी झालं होतं. अँब्युलन्सवर काम मिळेल म्हणून तिनं हा प्रथमोपचाराचा वर्ग धरला. मालतीबाई मात्र हटून बसल्या. फॉर्म पिठाच्या डब्याखाली दडवला. आज पहिल्या दिवशी तर चपलाच लपवल्या. सासू ती सासूच, असं अख्खी गल्ली म्हणाली. सुवर्णाही मनात तेच म्हणाली आणि शेजारच्या चंचलच्या चपला घालून गेली.

संध्याकाळी ती घरी, नवागामला परतली तेव्हा मालतीबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी रोजच्यासारखा पाण्याचा पेला पुढे केला. सुवर्णानं तो घेतला नाही.

"काय शिकाडं आज?"

"काही नाही. पट्टी बांधायला शिकवलं."

मालतीबाईंनी त्या भरल्या पेल्याकडे बघितलं. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"पानीनं सांगी दिन्हं ना त्यास्नी?" त्या म्हणाल्या. "डाक्टरनी माले तवयच सांगेल व्हतं, पोरी."