माझं ठेवा

आमच्या प्रोग्रामच्या फायली ठेवायच्या जुन्या सिस्टिममध्ये एक फाईल एका वेळी एकालाच बदलता यायची. त्यामुळे मी आणि लोर्ना दिवसभर भांडायचो.

"सोड ना गं ती फाईल!"

"थांब रे वेंडल, जीव जात नाहीये तुझा!"

मग आमच्या विनिपेगच्या ऑफिसात नवी सिस्टिम आली. दोघांनाही एकच फाईल बदलायची मुभा मिळाली आणि तिसऱ्याच शुक्रवारी दोनशे फायलींत आमचे बदल एकमेकांना भिडले. आता प्रत्येक ठिकाणी ठरवायचं होतं, माझं ठेवायचं की समोरच्याचं, आणि खाली कारण लिहायचं होतं. शंभर फायली तिनं घेतल्या, शंभर मी. साडेचारला मुलीची हॉकीची मॅच होती. मी एकही फाईल न उघडता सगळीकडे 'माझं ठेवा' दाबलं, कारणाच्या जागी नुसतं टिंब टाकलं आणि सटकलो.

सोमवारी लोर्नाचं तीन आठवड्यांचं काम प्रोग्राममधून गायब होतं. बॉसनं विचारलं तेव्हा मीच आधी म्हणालो, "नव्या सिस्टिमनं गिळलं असेल."

"असू दे," लोर्ना म्हणाली. "घर बदलताना माझं नेहमीच काहीतरी हरवतं." आणि ती एकेक तुकडा पुन्हा जोडायला बसली.

तिनं माझं किती उडवलंय ते बघावं, म्हणजे तेवढंच मनाला बरं वाटेल, म्हणून मी तिच्या वाट्याच्या फायली उघडल्या. एक्काहत्तर ठिकाणी कारणाच्या जागी तिनं लिहिलं होतं, "दोन्ही बदल नीट वाचले. वेंडलचं जास्त चांगलं आहे. त्याचं ठेवलं."