राणीची भेट

"माझी राणी मला लगेच ओळखेल," म्हणत उपसरपंच हिरवे पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या वन्यप्राणी रुग्णालयात शिरले.

राणी म्हणजे रानमांजराचं पिल्लू. काही महिन्यांपूर्वी उसाच्या फडातून त्यांनी ते उचललं होतं, आई परत येण्याची वाटही न बघता. मांडीवर बसवून व्हिडिओ काढले, दूधभातावर पोसलं. हाडं ठिसूळ होऊन पाय मोडला, तेव्हा आमच्या दारात आणून टाकलं.

इथे तिच्याशी कुणी बोलत नाही. मांसही पडद्याआडून सरकवतो, माणसाची सवय लागू नये म्हणून.

"साधं कुरवाळतही नाही? डॉक्टरबाई, तुम्हाला काळीजच नाही," म्हणत त्यांनी पडदा सारून जाळीतून बोटं आत घातली. तिने ती ओरबाडली.

"बेइमान निघाली," ते कळवळले. मी त्यांना साबण आणि नळ दाखवला. रेबीजच्या सुया पुढे होत्याच.

मग मी जाळीशी वाकले. तिचा पाय मीच जोडला होता. ती माझ्यावरही तशीच दात विचकून फिस्कारली.

"बघा, तुमचीही नाही झाली," हिरवे सुखावून म्हणाले.

"म्हणून तर उद्या रानात सोडतेय," मी म्हणाले. "पेढे तेवढे ठेवून जा."