भिंतीपलीकडची साक्ष

कादंबरीकार म्हणून त्यांना सगळे ओळखत, पण त्यांचा जीव होता तो हार्मोनियमच्या पेटीवर लावलेल्या दीडशे चालींत, आणि त्या चालींना कुत्रंही विचारत नव्हतं. म्हणून फक्त चालींवर माहितीपट करायला माणसं घरी आली, तेव्हा स्वारी सकाळपासून हवेत होती. "आज कादंबऱ्यांचं नाव काढायचं नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

दुपारी दिग्दर्शिका म्हणाली, "काकू, काकांच्या चाली वर्षानुवर्षं ऐकलेलं घराबाहेरचं कुणीतरी हवं हो." असं माणूस जगात एकच होतं, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारच्या वहिनी; बायकोनं नाइलाजानं त्यांनाच बोलावलं. वहिनी हौसेनं पावडर लावून कॅमेऱ्यासमोर बसल्या. "त्यांच्यातला संगीतकार तुम्हाला कधी जाणवला?" दिग्दर्शिकेनं विचारलं, आणि दाराआड उभ्या नवऱ्याचा हात बायकोनं घट्ट धरला.



"संगीतकार? अगं बाई! रोज तोच सूर पन्नासदा दाबून बघायचे, म्हणून मी तीस वर्षं सगळ्यांना सांगतेय, भाऊजी लिहितात छान, पण घर चालतं ते पेट्या दुरुस्त करून!"