दोघींचा संघ

घड्याळात चाळीस सेकंद उरले होते आणि तलासरीच्या बास्केटबॉल संघात दोघीच उरल्या होत्या, योगिता आणि शितल. समोर वसईच्या पाच जणी, आणि त्यांच्या बाकावर आणखी सात. तरी फलकावर चव्वेचाळीस–एकोणचाळीस होतं, आणि चव्वेचाळीस तलासरीचे होते.

यादीत तलासरीचीही बारा नावं होती. डहाणूला पोचल्या पाच. कुणाचं प्रॅक्टिकल, कुणाचा साखरपुडा, कुणाच्या घरी चिकूची तोडणी. शेवटच्या सत्रात हिना आणि रूपी पाच-पाच फाऊल होऊन बाहेर गेल्या. भाविनी उडी मारून खाली आली ती दुसरीच्या बुटावर. आता ती बाकावर पाय लांब करून बसली होती आणि सरांनी तिच्या घोट्यावर बर्फाची पिशवी धरली होती.

शितलचे चार फाऊल झाले होते.

"ऐक," योगिता तिच्या कानाशी म्हणाली. "कुणाच्या अंगाला लागू नको. टाकू दे त्यांना."

"टाकू दे?"

"दोनदा टाकलं तरी एकानं आपण पुढे. तू फक्त उभी राहा."

शितलनं मान हलवली. पण उभं राहणं तिला कधी जमलंच नव्हतं.

कॅप्टन योगिताचं हे तिसरं वर्ष. तीन वर्षं ती कासाच्या पुढच्या पाड्यावरून पहाटेची जीप धरून सरावाला येत होती, आणि आधीची दोन्ही वर्षं संघ उपांत्य सामन्याच्या अलीकडेच कुठेतरी गळपटला होता. उद्याची अंतिम लढत बघायला विद्यापीठाचा संघ निवडणारे येणार होते. आजची उपांत्य लढत बघायला कुणी नव्हतं.

वसईनं एक टाकला. चव्वेचाळीस–एक्केचाळीस.

चेंडू योगिताकडे आला. तिघी तिच्यावर धावून आल्या. सिमेंट दिवसभर तापलेलं होतं, बुटांचे तळवे चिकटत होते. ती चेंडू आपटत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली, परत आली, पाठ फिरवून उभी राहिली. वीस. एकोणीस. अठरा. चौथीही आली तेव्हा द्यायला एकच हात मोकळा होता. तिनं शितलकडे फेकला. चेंडू शितलच्या बोटांना लागून निसटला आणि वसईची उंच मुलगी तो घेऊन सुटली.

तिच्या आणि बास्केटच्या मध्ये फक्त शितल होती.

"सोड तिला!" योगिता ओरडली. "शितल, सोड!"

शितल उडाली. तिचा पंजा त्या मुलीच्या मनगटावर बसला तो आवाज शिट्टीच्या आधी ऐकू आला.

पंचांनी पाच बोटं दाखवली. घड्याळ अकरावर थांबलं होतं.

"सुटलं गो," शितल म्हणाली. "हात आपोआपच गेला." योगितानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट बाकाकडे गेली.

"सर, एकटीला खेळता येतं?"

"नाही. दोघी तरी लागतात. नाहीतर सामना गेला."

"आपण पुढे असलो तरी?"

"तरीही," सर म्हणाले. योगिता भाविनीसमोर बसली. "अकरा सेकंद. मी तुझ्याकडे चेंडू देणारच नाही. रेषेच्या आत नुसती उभी राहा."

"राहते," भाविनी म्हणाली.

"योगिता," सर म्हणाले, "तिचा पाय बघ आधी."

"अकरा सेकंद, सर!"

भाविनीनं तिच्या खांद्याला धरून अंग उचललं. एक पाऊल टाकलं. दुसरं टेकवलं आणि तिची नखं योगिताच्या खांद्यात रुतली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पंच घड्याळाकडे बघत होते. भाविनीनं पुन्हा पाय पुढे सरकवला. घोटा मोज्याच्या कडेवरून बाहेर आला होता, निळा, तकतकीत. रेषा अजून चार पावलांवर होती.

योगितानं त्या पायाकडे पाहिलं. मग रेषेकडे. मग परत पायाकडे.

"बस खाली," ती म्हणाली.

"मी जाते ना."

"बस म्हटलं ना! नाही जमायचं तुला." आणि तिनं तिला जवळजवळ ढकलूनच बाकावर बसवलं.

पंचांनी लांब शिट्टी दिली. वसईच्या मुली आधी एकमेकींकडे बघत राहिल्या; कुणीतरी सांगितलं तेव्हा ओरडल्या. शितल कोर्टाबाहेर पाठमोरी उभी राहून जर्सीच्या टोकानं डोळे पुसत होती. तोवर योगिता एकटीच परत आत जाऊन उभी होती. मग तीही टेबलाकडे गेली.

गुण नोंदवणाऱ्या बाई गुणपत्रकावर अंतिम गुण लिहीत होत्या. तलासरी शून्य. वसई दोन.

"चव्वेचाळीस होते आमचे," योगिता म्हणाली.

"होते गं. पण खेळाडू संपले आणि तुम्ही पुढे असलात तर निकाल असाच लिहायचा."

"मग हे दोन कुणी टाकले?"

बाईंनी वर पाहिलं. "कुणीच नाही."

चव्वेचाळिसातले एकोणतीस तिचे स्वतःचे होते. ती पानाकडे बघत राहिली. अगदी खाली, कडेला, एक रिकामी चौकट होती.

"आणि इथे काय लिहायचं?"

"तिथे काही नाही. निकालाविरुद्ध तक्रार असेल तर कॅप्टन सही करते."

योगितानं हात पुढे केला. बाईंनी पेन दिलं.

सर मागून आले होते. "कसली तक्रार करतेस, योगिता? सगळं नियमानंच झालंय."

"माहीत आहे, सर. पण हे मला मान्य नाही, एवढं तरी कागदावर राहू दे," ती म्हणाली, आणि वाकून त्या चौकटीत पूर्ण नाव लिहिलं: योगिता हाल्या वरठा.